गळलीच पाहिजे अशी भिंत

दरवर्षी जूनच्या मध्यावर मला सिंधुदुर्गातल्या एका गावातून फोन येतो. हॅलो नाही, बरी आहेस का नाही. थेट प्रश्न.

“गडगो गळता मां?”

“गळतो, आबा.”

“बघून सांगतंस, की हापिसात बसान?”

मी ऑफिसात बसूनच सांगत असते. त्यामुळे त्या आठवड्यात कधीतरी मला पवईहून मुलुंडला जावं लागतं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका सोसायटीच्या मागच्या बागेत छत्री धरून उभं राहावं लागतं आणि एका दगडी भिंतीचा व्हिडिओ काढावा लागतो. तिथला वॉचमन दरवर्षी विचारतो, “मॅडम, लीकेज का कंप्लेंट है क्या?” मी म्हणते, “नाही, लीकेज नीट चालू आहे का ते बघायला आले.” तो बिचारा मान हलवतो. व्हिडिओ पाठवला की थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटतात. उत्तर येत नाही. आजवर एकदाही आलेलं नाही.

मी सिव्हिल इंजिनीअर आहे. हे वाक्य लिहिताना मला अजूनही जरा अवघडल्यासारखं होतं, कारण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडील परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजार समितीत हमाल होते. नगरपालिकेची शाळा, सरकारी कॉलेज, आणि माझे फॉर्म स्वतः हाताने भरून देणारे दोन शिक्षक, एवढ्या बळावर मी मुंबईत आले. सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या बागा आखून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. सहा महिने चाचणीचे, मग कायमचं पत्र. पत्र आलं की वडिलांनी पोती उचलणं थांबवायचं, असं आमचं ठरलं होतं. त्यांच्या कमरेचा मणका सरकला होता. पट्टा बांधून ते कामावर जात होते. त्यामुळे ते पत्र मला लवकर हवं होतं, आणि त्यासाठी सगळ्यांचं ऐकायची माझी तयारी होती.

नेमक्या त्या सहा महिन्यांत माझ्या वाट्याला आबा आले.

उतारावरची माती धरून ठेवायला आमची कंपनी दगडाच्या सुक्या भिंती बांधून द्यायची. सुकी म्हणजे सिमेंट नाही, चुना नाही, चिखलसुद्धा नाही. दगडावर दगड, एकमेकांच्या वजनाने बसलेले. बागेत त्या फार देखण्या दिसतात, म्हणून मागणी. कोकणात अशा भिंतीला गडगा म्हणतात आणि आबांच्या घरात गडगे बांधायचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. आबा स्वतः तरुणपणी मुंबईत येऊन गिरणीत लागले. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या खात्यातले कुणी वॉचमन झाले, कुणी भाजीची गाडी लावली. आबांनी गावाहून वडिलांचा हातोडा मागवून घेतला. मी त्यांना भेटले तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. तेव्हा भांडुपला राहायचे, गावी परत गेले ते नंतर. हाताखाली मजूर नाही. फक्त काकी, म्हणजे त्यांची बायको. त्या दगड निवडून हातात द्यायच्या, फटीत बसवायच्या चिपा फोडून ठेवायच्या आणि अधूनमधून नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आणायचा प्रयत्न करायच्या. ह्या शेवटच्या कामात त्यांना यश आलेलं मी पाहिलं नाही.

पहिली भेट बोरिवलीला, एका डॉक्टरांच्या बंगल्याच्या बागेत. मी रात्र घालवून केलेलं ड्रॉइंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलगडलं, सावलीतल्या दगडावर पसरलं आणि त्यावर जेवणाचा डबा ठेवला.

“आबा, ते ड्रॉइंग आहे.”

“बरा हा. कागद जाड हा.”

मग त्यांनी मला एक काळा दगड उचलायला लावला. कुशीत धरावा लागेल एवढा. “इंजिनेर मां तू? सांग, ह्येचा तोंड खंयचा?”

मी सगळ्यात सपाट, रुंद बाजूवर बोट ठेवलं. आबा काकींकडे वळले. “आयकलंस? कॉलेजात जावन इला आणि दगडाच्या ढुंगणाक तोंड म्हणता!”

काकी तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून माझं नाव ‘कॉलेज’ पडलं. “ए कॉलेज, पहार दी.” “कॉलेज, उन्हात उभी रवां नको, आधीच काळी हस.” माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं असा माझा अंदाज आहे. फोनमध्येही मी कॉलेज म्हणूनच असणार.

दगडाच्या बाबतीत ते बरोबर होते हे मला दुपारी कळलं. सुक्या भिंतीत दगडाची लांबी आत, डोंगराच्या पोटात जाते. बाहेर दिसतं ते त्याचं लहानसं टोक. रुंद बाजू बाहेर लावली तर भिंत फोटोत छान येते आणि पहिल्याच धक्क्याला पुढे येते. पण हे ते नीट समजावून सांगतील तर शपथ. त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे आधी हसायचं, मग काकींना हसायला लावायचं, मग जेवायला बसायचं.

दगड घेताना तर अंत बघायचे. डबराचा ट्रक आला की स्वतः वर चढायचे आणि एकेक दगड हातोडीने वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला की खाली रस्त्यावर. एकदा त्यांनी अख्खा ट्रक परत पाठवला. ड्रायव्हर माझ्यावर ओरडत होता, “मॅडम, पत्थर है, नारियल नहीं है!” मागे गाड्यांचा खोळंबा, हॉर्न, डॉक्टरांची आई खिडकीतून विचारतेय काय झालं म्हणून. आबा ट्रकवर शांत बसलेले. “ह्ये उभ्यान रवणारे दगड हत,” ते मला म्हणाले. “माका बसणारे होये.”

आता हे मी ऑफिसच्या रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

रिपोर्ट हे माझं रोजचं दुखणं होतं. संध्याकाळी सहाला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दिवसाची प्रगती टाकायची असायची. बाकीच्या साइट्सवरून यायचं, आज बारा फूट, आज पंधरा फूट. आबा सकाळी आले की आधी कालचं काम बघायचे. दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून. मग काकींना म्हणायचे, “गो, ह्यो नाय बरो बसलो.” की निघाले दगड खाली. एका बुधवारी मी प्रामाणिकपणे लिहिलं, “आजची प्रगती : वजा दोन फूट.” ग्रुपवर सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. मॅडमनी, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीणबाईंनी, फक्त प्रश्नचिन्ह टाकलं. त्या प्रश्नचिन्हाने माझी झोप उडाली.

ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, त्यांच्याकडे होता. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट शास्त्राप्रमाणे. पण ते तो लावायचे भिंत सरळ नाही ना हे बघायला. सुकी भिंत मागे, मातीवर रेललेली हवी. दोरी आणि भिंत जुळली की ते खवळायचे. “सरळ उभी रवली म्हंजे पडाक तयार झाली.” अमावास्येला काम बंद. दुपारी एक ते दोन भिंतीवरच आडवे. ह्या तासात पंतप्रधान आले तरी उठवायचं नाही, ही काकींची सूचना. आणि सारखं दगडांशी बोलणं. “सरक मेल्या वायच.” “अरे, शेजाऱ्याक जागा दी मां.” “तुका मागच्या वेळी सांगितलेलं.” एकदा काकी मला म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढं बोलले असते ना, तर मी दगड उचलायला नसते आले.”

त्यांचा सगळ्यात मोठा वेडेपणा मात्र बोरिवलीचं काम संपलं त्या दिवशी कळला. भिंत झाली, मी सुटकेचा निःश्वास टाकला, मॅडमना फोटो पाठवला. आबा म्हणाले, “टँकर मागव.”

“कशाला?”

“पाणी पाजूचा हा.”

भिंतीच्या मागे, वरच्या अंगाला, एक अख्खा पाण्याचा टँकर रिकामा करायचा. आणि तो रिकामा होत असताना भिंतीच्या पायाशी, तिला पाठ लावून बसायचं. कुणी? “ज्येना बांधल्यान, तेना बसाक व्हया.” आबा बसले. शेजारी काकी बसल्या. डॉक्टर म्हणाले, “आजोबा, कशाला रिस्क घेताय?” आबांनी डबा उघडला. वरून पाणी सुटलं. मी लांब उभी राहून, भिंत पडली तर फोन आधी कुणाला करायचा याचा विचार करत होते. दोन-चार मिनिटांत तळाच्या फटींतून पाणी पाझरायला लागलं, मग झिरपायला, मग दगडादगडातून वाहायला. आबा-काकी ओलेचिंब, आणि मजेत भाकरी खातायत. डॉक्टरांच्या आईने वरून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी आबा प्रथमच माझ्याशी सरळ बोलले. म्हणाले की दगडामुळे भिंत कधी पडत नाही. पडते ती पाण्याने. पाण्याला वाट मिळाली तर ते गुमान निघून जातं, नाही मिळाली की मागे उभं राहून धक्के देतं. “लोक सिमेंट भरतत. सिमेंट म्हंजे दगडाच्या तोंडात बोळो.”

मला हे पुस्तकातून माहीत होतं. भिंतीतून पाणी काढून देण्याच्या भोकांवर परीक्षेत मला सहा मार्कांचा प्रश्न आला होता आणि मला सहापैकी सहा मिळाले होते. हे मी मुद्दाम सांगतेय.

मुलुंडचं काम मोठं होतं. सोसायटीच्या मागे उतार, त्यावर पायऱ्यांसारख्या तीन भिंती. सगळ्यात खालची पाच फूट उंच, आणि तिच्या पायाशी ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकं. गुढीपाडव्याला बागेचं उद्घाटन ठरलेलं. माझे सहा महिनेही तेव्हाच भरत होते. मॅडम म्हणाल्या होत्या, “मुलुंड टायमावर दे, लेटर घेऊन जा.”

सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सभ्य गृहस्थ. रोज सकाळी फिरून झालं की भिंतीपाशी यायचे, एका फटीत बोट घालायचे आणि माझ्याकडे बघायचे.

“हे बंद कधी होणार?”

“सर, हे असंच असतं. सुकी भिंत आहे.”

“उंदीर जातील आत. डोंगर जवळ आहे, सापसुद्धा. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली मॅडम. उघडं काउंटर मी कधी सोडलं नाही.”

आबांनी त्यांना काय उत्तर दिलं ते मी इथे लिहिणार नाही. मालवणीत होतं म्हणून निभावलं.

फेब्रुवारीच्या शेवटी खालची आणि मधली भिंत उभी राहिली. वरची लहान, आठ दिवसांचं काम. मी हिशेब मांडला, सगळं वेळेत. आणि आबांनी हातोडा पिशवीत ठेवला.

“शिमग्याक जातंय.”

“आबा, पाडव्याला उद्घाटन आहे!”

“शिमगो आधी येता.”

“एक वर्ष नाही गेलात तर?”

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना श्वास घ्यायचं थांबवा म्हणाले. “माझ्या दारात पालखी येतली आणि मी हय मुलुंडाक दगड बडवत बसू?” जाताना खालच्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, “हिका हात लावू नको. मी इलंय की पाणी पाजू.”

ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी कमिटीचं पत्र माझ्या हातात ठेवलं. फटी बंद केल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचं ते सही करून देणार नाहीत. मी मॅडमना फोन केला. त्या गाडीत होत्या, मालाडच्या ट्रॅफिकमध्ये. “यार, एवढ्यासाठी फोन? तू मॅनेज कर ना. दोन्ही बाजू सांभाळायच्या, हेच तर काम आहे आपलं.”

दोन्ही बाजू सांभाळणं मला शाळेपासून चांगलं जमतं. मास्तरही खूश, मुख्याध्यापकही खूश, अशी मी विद्यार्थिनी. मी नाक्यावरून एक गवंडी आणला. संपूर्ण भिंत नाही, फक्त खालचे तीन थर. उंदीर काय, खालूनच जाणार. सिमेंट बाहेर दिसू नये म्हणून फटीत दोन बोटं आत भरून घेतलं, वर दगडाची भुकटी चोपडली. अर्ध्या दिवसात झालं. सेक्रेटरींनी बोट घालून बघितलं, खूश झाले, सही केली. आबांनाही दिसणार नव्हतं. इतकं नीट काम मी त्या सहा महिन्यांत दुसरं केलं नव्हतं.

आता ज्याला सहापैकी सहा मार्क मिळालेत त्याला हे कळायला हवं होतं की पाणी बाहेर पडतं ते खालच्याच तीन थरांतून. कळत होतं. मी त्याकडे बघत नव्हते, एवढंच.

पाडव्याला आठ दिवस असताना आबा-काकी परत आले. काकींनी माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली. “तुझ्यासाठी खाजं आणलंय गो. गुळाचं. एकटीने खा, ऑफिसात वाटू नको.” मी थँक्यू म्हटलं आणि पुडी बॅगेत खोल ढकलली.

आबांनी वरची भिंत सुरू करायच्या आधी खालची तपासायची ठरवली. टँकर आला. मी म्हटलं, “आबा, ह्यावेळी बसायची गरज आहे का? मोठी भिंत आहे.”

“मोठी हा म्हणूनच.”

ते बसले. काकी बसल्या. आबांनी शेजारच्या जागेवर हात आपटला. “बस गो कॉलेज. सोसायटीची बाकां हत हय, म्हातारी बसतली. आमी नको बसूक?”

मी म्हटलं, मी वर जाऊन पाइप बघते. आणि खरंच वर गेले. टँकरवाल्याने पाणी सोडलं. मी वरून दोघांची डोकी बघत होते. काकींच्या केसांत अबोलीचा गजरा होता, गावाहून आणलेला, सुकलेला. पाणी भिंतीमागे भरलेल्या खडीत शिरत होतं. पाच मिनिटं झाली. खालून आबांचा आवाज आला, “दगड तानलेले हत, पाणी पितत. वायच थांब.” आणखी पाच. मग मला दिसलं की कमरेच्या उंचीवरच्या एका फटीतून पाण्याची धार सुटली आणि ती बरोबर आबांच्या मानेवर पडली. त्यांनी वर बघितलं. मग बसल्या जागी, बुडाखालच्या जमिनीवर हात फिरवला. ती कोरडी होती.

पत्र, पट्टा बांधलेली पाठ, पाडवा, सगळं माझ्या डोक्यात होतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा मी आधी तोच विचार केला की कदाचित काही होणार नाही. मग काकी डब्याचं झाकण काढायला पुढे वाकल्या आणि मी ओरडले, “पाणी बंद करा! उठा! काकी, उठा तिथून!”

धावत खाली आले तेव्हा दोघं उठून बाजूला झाले होते. आबा गुडघ्यावर बसून अंगठ्याने एक फट खरवडत होते. दगडाची भुकटी निघाली. त्यांनी अंगठ्याचा वास घेतला.

“कोणी भरला?”

“मी. मी भरून घेतलं, आबा.”

मला वाटलं आता मालवणी सुरू होईल. मी त्याची वाटच बघत होते. पण ते हळू आवाजात बोलले.

“आमी हय बसलंव तेवा तू बघीत होतंस?”

“हो.”

“आणि गप रवलंस?”

काकी डब्याला परत झाकण लावत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं म्हणाल्या, “मी तुला खाजं आणलं होतं रे देवा.” हे त्या मला म्हणाल्या की देवाला, मला ठरवता आलं नाही. मी तिथेच बाकावर बसून रडले. आबा म्हणाले, “रडान सिमेंट निघत नाय. छिन्नी घे.”

संध्याकाळी मी मॅडमना मेल लिहिला. काय केलं, का केलं, भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागेल, चूक माझी. मॅडमचा लगेच फोन. “तू लिहिलंस कशाला? बोलून मिटवलं असतं ना! आता ते रेकॉर्डवर आलं.” उद्घाटन पुढे गेलं. सेक्रेटरींनी चार ओळींचं पत्र लिहिलं, ज्यात ‘खेद’ हा शब्द तीनदा होता. माझी चाचणी तीन महिन्यांनी वाढली, आणि तीसुद्धा “भिंत पास झाली तर बघू” अशा बोलीवर.

वडिलांना फोन केला. सांगताना पुन्हा रडू आलं.

“कुणाच्या अंगावर पडली का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग रडायलीस कशाला? मी जातो की अजून तीन महिने. मला काय झालंय?”

भिंत उतरवायला सहा दिवस लागले, बांधायला त्याहून जास्त. ह्या काळात आबांनी मला जे छळलं त्यापुढे आधीचं काहीच नव्हतं. तळाचे तीन थर माझ्याकडून लावून घेतले. स्वतः भिंतीवर आडवे पडून बघायचे. “पोट बाहेर इला.” काढ. “शेजाऱ्याच्या खांद्यावर नाय बसलो.” काढ. “सांध्यावर सांधो इलो, कॉलेज. ह्या तर गाढवाकपण कळता.” काढ. माझं एक नख काळं पडून गळालं. काकी माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत, फक्त दगड हातात द्यायच्या. पाचव्या दिवशी एक चांगला, आत खोलवर जाईल असा लांब शेपटीचा दगड त्यांनी बाजूला काढून माझ्यासाठी ठेवलेला दिसला. मी तो उचलून तळाच्या थरात लावला. सेक्रेटरी रोज येऊन मान हलवून जायचे. सहाचा रिपोर्ट चालूच होता. मी लिहायचे, “आज : एक थर. तोच.”

मेच्या सुरुवातीला पुन्हा टँकर आला. मॅडम आल्या होत्या, काळा चष्मा लावून, हात बांधून. सेक्रेटरी आणि कमिटीचे दोघं जण बाकं सोडून चांगले लांब उभे. आबांनी टँकरवाल्याच्या हातातून पाइप काढून घेतला आणि वर चढले. काकी त्यांच्या मागोमाग.

“आबा, तुम्ही बसणार ना?” मी विचारलं.

“मी कित्याक? खालचो भाग तू बांधलंस. ज्येना बांधल्यान...”

पुढचं वाक्य मला पाठ होतं. त्या दिवशी मी मॅडम येणार म्हणून माझा एकुलता एक चांगला कुर्ता घातला होता, इस्त्री करून. मी जाऊन बसले. पाठ दगडांना टेकवली. दगड गरम होते, आणि टोचत होते. मॅडम म्हणाल्या, “अगं, हे गरजेचं आहे का?” वरून पाणी सुटल्याचा आवाज आला.

माझ्या पाठीमागे टँकरभर पाणी होतं आणि त्यामागे डोंगर. एवढं ओझं पाठीवर घेऊन कुणी कसं चालतं, हे आमच्या घरात मी कधी विचारलं नव्हतं. पत्र मिळेल की नाही मला माहीत नव्हतं. ते जुलैत मिळालं आणि वडिलांनी पट्टा खुंटीला टांगला, पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी फक्त हात जमिनीवर ठेवून बसले होते. जमीन कोरडी होती. एक मिनिट. दोन. सेक्रेटरी घड्याळ बघत होते.

मग बुडाखाली काहीतरी गार लागलं.

“कॉलेज!” वरून आरोळी आली. “काय होता?”

“भिजले, आबा!”

“खालसून, की वरसून?”

“खालून! आधी खालून!”

मला वाटलं, आता तरी हा माणूस एखादा बरा शब्द बोलेल.

“मगे बस थंयच,” ते म्हणाले. “अजून अर्धो टँकर हा.”